‘त्याच्याकडे जा’ असं कोणीच का नाही म्हणालं?

मंडळी, नमस्कार.

इथे अमेरिकेत आपल्या उद्योजक गटाने मला कोकणातल्या छोट्या धंद्यांवर बोलायला सांगितलं, तेव्हा आंबा, काजू, मासळी, होमस्टे अशी टिपणं काढून ठेवली होती. ती आज पर्समध्येच राहू देते. डिसेंबरात मालवणहून गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळाकडे जाताना आमच्या दहा वर्षांच्या मुलाने एक प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. तो म्हणाला, "आई, तिथे सगळे आपल्याला ‘माझ्याकडेच या’ म्हणत होते. ‘त्याच्याकडे जा’ असं कोणीच का नाही म्हणालं?"

त्याने काय पाहिलं ते सांगते. आम्ही उतरलो होतो मालवणजवळच्या देवबागला, नात्यातल्याच एका घरी. पुढे समुद्र, मागे कर्लीची खाडी, मध्ये माडांची ती चिंचोळी पट्टी. पोरांना स्नॉर्कलिंगला जायचं होतं. यजमानांची बोट दुरुस्तीला काढलेली. शेजारच्या आवारात दुसरी बोट तयार उभी, तिचा मालक सुपारी कातरत बसलेला. तरी यजमानांकडून उत्तर मिळालं, "उद्या करूया." उद्याचा परत उद्या झाला आणि आमचा निघायचा दिवस उजाडला.

एका रात्री एका बाईंच्या खानावळीत जेवायला गेलो, तिथे पुण्याची बस येऊन थांबली. नाताळची गर्दी. बाईंची सुरमई संपली, भाकऱ्या भाजणारे हात दोनच. माणसं ताटकळली, लहान मुलं बाकावरच झोपली. दोन घरं पलीकडे दुसऱ्या बाईंची चूल पेटलेली होती आणि पाटावर एकही माणूस नव्हता. "ह्यांतले दहा जण तुझ्याकडे पाठवतंय" एवढा एक फोन पुरला असता.

यात वाईट कोणी नाही, हे आधी सांगते. निघताना त्याच बाईंनी आमच्या पिशवीत आमसुलं आणि कुळथाचं पीठ कोंबलं आणि पैसे घेतले नाहीत. देताना जे हात मोजत नाहीत, तेच गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठवताना का अडतात? मला वाटतं, भीतीने. मोसम आठ महिन्यांचा, आणि त्यातही दिवाळी, नाताळ, मेची सुट्टी सोडली तर खोल्या रिकाम्या. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने. निसर्ग, तौक्ते अशी लागोपाठची वादळं पाहिलेल्या माणसाला हातातलं गिऱ्हाईक सोडवत नाही. ही धास्ती खोटी नाही.

पण मुलगा पुढे काय म्हणाला? "नेक्स्ट टाइम गोव्यात राहू." म्हणजे ज्याला शेजारी जाऊ दिलं नाही, ते गिऱ्हाईक तळकोकणातूनच गेलं. गोवा तिथून दोन-तीन तासांवर आहे. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आता विमानतळही आले. माणूस दारापर्यंत येतो. त्याला हवा असतो एक अख्खा दिवस: सकाळी बोट, दुपारी जेवण, संध्याकाळी किल्ला, मुलाला ताप आला तर डॉक्टरकडे नेणारी रिक्षा. आपण त्याला त्या दिवसाचा एक तुकडा देतो आणि उरलेला त्याचा त्याने शोधायचा.

आणि हे कुठे? जिथे पिढ्यान्‌पिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढलं त्या किनाऱ्यावर! रापण एकट्याने कधी कोणी ओढली आहे? होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, दोरी धरणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. बांगडा कोणाच्या बाजूने जाळ्यात शिरला, हे कोणी विचारत नाही. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आजही संघटनेने चालतात. आपल्याकडे इथे मे महिन्यात येणारी हापूसची पेटी घ्या. 2007 पासून भारतीय आंबा अमेरिकेत येतो तो विकिरण करूनच, म्हणजे किडीसाठी किरणांची प्रक्रिया करूनच. पन्नास कलमांचा बागायतदार हे सगळं एकट्याने करू शकेल का? कोणीतरी अनेकांचा माल एकत्र केलेला असतो. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेही पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पाच जिल्ह्यांना मिळून. फळाला आपण एकत्र केलं. माणसांना करायचं राहिलं.

माझ्या माहेरच्या वाडीत चार बायकांनी हे करून पाहिलं आहे. एकीच्या खोल्या, एकीची खानावळ, एकीच्या नवऱ्याची बोट, एक कोकम आणि मालवणी मसाला विकते. धंदे चौघींचे वेगळेच आहेत. फक्त बुकिंगचा फोन एक आणि वही एक. दर कागदावर लिहून भिंतीला लावले आहेत, म्हणजे पाहुण्याला एक आणि पाहुण्याच्या मेहुण्याला दुसरा, असं होत नाही. गिऱ्हाईक जिने आणलं तिला ठरलेला वाटा. हिशेब दर सोमवारी, उधारी पुढच्या आठवड्यात न्यायची नाही.

पहिलं भांडण चादरीवरून झालं. खोलीतली चादर ओली होती, पाहुणा चिडला, फोन जिच्याकडे तिने अर्धं भाडं परत दिलं. मग ते कोणी सोसायचं? दोन दिवस अबोला. शेवटी ठरलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं: पाहुण्याला उत्तर फोनवालीने द्यायचं, पैसेही तिनेच लगेच परत करायचे, आणि जिच्या कामात चूक असेल तिने ते सोमवारी भरून द्यायचे. पाहुण्याला चौघींच्या दारी फिरायला लावायचं नाही. आता बोट नसली तर तिथे स्वच्छ सांगतात, "माझ्याकडे नाय, पण तिच्याकडे आसा." माझ्या मुलाला हवं होतं ते एवढंच वाक्य.

कागद करू म्हटलं की आपल्यात रुसवे सुरू होतात. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?" विश्वास टिकावा म्हणूनच कागद हवा. 1932 च्या भागीदारी कायद्यात तोंडी भागीदारीही चालते, आणि जोखीम तिथेच आहे: एका भागीदाराने फर्मच्या धंद्यासाठी केलेलं देणं सगळ्यांच्या अंगावर येतं, आणि फर्मची नोंदणी नसेल तर करारातला हक्क कोर्टात मागायला गेल्यावर अडचण होते. पुढे धंदा वाढला तर 2008 च्या कायद्याची एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी आहे, जिथे देण्याला मर्यादा पडते. बागायतदार असतील तर दहा जण मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढू शकतात. पण सुरुवातीला यातलं काही नको. दर, वाटा, तक्रार आणि वेगळं कसं व्हायचं, एवढं दोन पानांत लिहून सह्या करा. वेगळं कसं व्हायचं हे गोडीत असतानाच लिहायचं, बरं का.

आता थोडं आपल्याला. रागावू नका. गावच्या भावाला खोल्या बांधायला इथून आपण पैसे पाठवतो. चुलत्याने तीन बांधल्या म्हणून आपल्याने चार. एसी पाठवतो, पाटी पाठवतो. वाडीत चार घरांना मिळून एक जनरेटर, चादरी धुवायचं एक मोठं मशीन, यासाठी कोणी पैसे पाठवल्याचं मी अजून ऐकलं नाही. गावातली स्पर्धा बरीचशी आपल्या डॉलरवर उभी आहे. आणि सुट्टीत गेलो की "घरचेच आहोत" म्हणून भाडं निम्मं करून घेतो. ‘येवा, कोकण आपलोच आसा’ हे आपण अभिमानाने सांगतो. आपलोच, म्हणजे फुकट नव्हे. इथेही तेच चालतं. गणपतीत उकडीच्या मोदकांची मोठी ऑर्डर आली की आपल्या तिघी मैत्रिणी वेगवेगळ्या नाही म्हणतात, कारण एकटीला झेपत नाही. तिघी मिळून हो म्हणा ना!

एक काळजी आहे, ती लपवत नाही. त्या चौघींची वही एक मुलगी लिहिते. बीकॉम झाली आहे, मुंबईत नोकरी शोधते आहे. तिने जावं, तो तिचा हक्क आहे, आपणही असेच निघालो होतो. पण ती गेल्यावर सोमवारचा हिशेब कोण करणार? चौघींपैकी कोणाच्याही घरात तिच्या वयाचं माणूस उरलेलं नाही. आणि उद्या बाहेरची एखादी मोठी कंपनी येऊन त्यांतल्या एकीलाच म्हणाली, "तुझ्या खोल्या वर्षभरासाठी आम्हाला दे," तर तिने काय करावं? घरावर कर्ज आहे, मुलाची फी आहे. तिला नाही म्हण, असं इथे बसून सांगायचा अधिकार मला नाही. मग दोन पानांच्या त्या कागदाचं काय होईल?

यावर कोणाला तोड सुचत असेल तर चहाच्या वेळी सांगा. मी दाराजवळच्या टेबलाशी आहे. तिथे तालुकावार यादीसाठी वही ठेवली आहे; गावी कोणाच्या खोल्या, बोट, खानावळ, बाग असेल तर त्यांचा नंबर त्यांना विचारून मगच लिहा. मालवण, वेंगुर्ला आणि देवगडची पानं उघडली आहेत. गुहागर-दापोलीवाले, तुम्हीही या.