बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी

नमस्कार, श्रोतेहो. दुबईहून आलेली नातेवाईक मंडळी बुर्ज खलिफाचे फोटो दाखवतात, तेव्हा बोलणं उंचीचंच होतं. 828 मीटर! मला मात्र आज त्या इमारतीच्या पायथ्याशी असलेल्या 11 हेक्टरांच्या बागेबद्दल बोलायचं आहे. एसडब्ल्यूए या अमेरिकन संस्थेने ती आखली.

शेजारच्या तळ्यातलं मोठं कारंजं 150 मीटरपर्यंत उडतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बागेतली पाण्याची कामं त्या मानाने शांत. हॉटेलपाशी एक कारंजं, राहणाऱ्यांसाठी वेगळं, आणि मुलांना खेळायला आणखी एक. खाली फरसबंदी. तिच्या नक्षीला आधार आहे हायमेनोकॅलिस या फुलाचा. नाव अवघड वाटलं, तरी ते आपल्या नर्सरीत स्पायडर लिली म्हणून मिळतं. मध्ये पातळ पांढरी वाटी, भोवती सहा लांब, कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्या. इमारतीचा तीन पाखांचा आराखडाही याच फुलाशी जोडला जातो. म्हणजे एकाच फुलाची रेघ भिंतीतून उतरून पायाखालच्या दगडात शिरली. मला ही कल्पना फार आवडते.

पण वाळवंटात एवढी झाडं जगतात कशी? फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून दव सुटतं ना, तसंच. दुबईचा उन्हाळा नुसता तापत नाही, समुद्रामुळे हवा ओलीचिंबही असते. ती हवा एसीच्या गार नळ्यांना लागली की तिच्यातलं पाणी सुटतं. एवढ्या प्रचंड इमारतीत ते वर्षाला साडेपाच कोटी लिटरांच्या वर जमतं. वेगळ्या पाइपांतून ते तळघरातल्या टाकीत आणतात आणि तिथून बागेला देतात. यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेळ: उकाडा जितका जास्त, तितकं पाणी जास्त, आणि झाडांना तहानही तेव्हाच लागते.

हे वाचल्यापासून आमच्या एसीची नळी मला स्वस्थ बसू देईना. इतकी वर्षं तिचं पाणी भिंतीवरून ओघळायचं, खाली शेवाळ धरायचं. यंदा एप्रिलमध्ये मी तिच्याखाली बादली ठेवली. संध्याकाळी ते पाणी कुंड्यांना घालते. त्यातल्या एका कुंडीत स्पायडर लिली आहे. गेल्या आठवड्यात तिला कळ्यांचा दांडा आलाय.