लाल बादली

(टाकीचा जवळचा शॉट. काळ्या मोली.)

मोली काळी, म्हणून लवकर दिसलं. अंगावर बारीक रवा सांडावा तसे पांढरे ठिपके. ही डावीकडची पाहा, खडीवर अंग घासतेय. खाज सुटली की मासा एवढंच करू शकतो.

परळची चाळ, दुसरा मजला. बेस्टमधून निवृत्त झालेल्या काकांची ही दोन फुटी टाकी. पाणी साधारण 50 लिटर, मासे सात. त्यातल्या दोन मोली गेल्या रविवारी पिशवीतून आल्या आणि पिशवीतल्या पाण्यासकट थेट आत गेल्या. ही लाल बादली तेव्हाही मोरीतच होती.

(सूक्ष्मदर्शकाखाली.)

हा तो परजीवी. सर्वांगावर केस, सतत गरगरणारा, पोटात घोड्याच्या नालेसारखं वळलेलं केंद्रक. नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. मासे पाळणारे नुसतं 'इक' म्हणतात. मल्टिफिलिस म्हणजे पुष्कळ लेकरांचा, आणि नाव ठेवणाऱ्याने काही वाढवून सांगितलेलं नाही. माशाच्या कातडीखाली पोसलेला इक गळून खडीवर पडतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागत राहतो. एका कवचातून शेकडो पिल्लं निघतात, कधी हजारापर्यंत. त्यांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

औषध चालतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीखालच्या इकला ते पोचत नाही, कवचातल्याला जवळजवळ नाहीच. म्हणूनच चौथ्या दिवशी ठिपके गेले आणि शेजारी पेढे मागायला आले, तेव्हा काकांनी हीटर बंद केला नाही. ठिपके गेले होते ते खडीत.

(काट्यावर मीठ.)

जाडं मीठ, लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅम. मगात विरघळवून, दीड दिवसात तीन वेळा विभागून. मोलीला मीठ मानवतं. पानवेली मात्र आधीच काढून घेतल्या. पाणी उडून गेलं तरी मीठ टाकीतच राहतं, त्यामुळे नुसती भर घालताना पुन्हा मीठ टाकायचं नाही. जेवढं पाणी काढलं, तेवढ्यापुरतंच टाकायचं.

पाणी 24 अंशांवरून दोन दिवसांत 30 वर. या ऊबेने इक मरतो असं नाही, त्याला घाई होते: मासा लवकर सोडतो, लवकर फुटतो, लवकर मिठात सापडतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हा दुसरा एअर पंप. आवाज झोपू देत नाही, अशी काकूंची तक्रार. ती आम्हीही रात्रभर ऐकली.

(नळी, खडी, गढूळ पाणी.)

आणि हे रोजचं काम. नळीने खडीतला गाळ ओढायचा, त्याबरोबर कवचंही जातात. नवं पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून, क्लोरीन मारणारे थेंब घालून. निळ्या औषधाची बाटली एका पुतण्याने आणली होती. ती कपाटावरच राहिली, कारण त्या औषधाने फिल्टरच्या स्पंजातले उपयोगी जिवाणूही मरतात.

दोन मोली गेल्या. पाच राहिल्या.

(भिंतीवरचं कालनिर्णय.)

शेवटचा ठिपका दिसला त्या तारखेवर फुली. त्यानंतर आणखी दहा दिवस मीठ आणि हीटर तसेच.

(मोरी. लाल बादली, वर जाळी, आत एअर पंपाची नळी.)

बादलीत तीन नव्या मोली आहेत. आज त्यांचा तिसरा दिवस. टाकीतल्या पाचजणींशी गाठ पडायला अजून अकरा दिवस आहेत. तोवर काकूंची धुणी दुसऱ्या बादलीत.