सालीची मूठ, कातड्याचे म्यान : फिनलंडचा पूक्को

फिनलंडच्या पारंपरिक चाकूला पूक्को म्हणतात. काठी तासण्यापासून मासा साफ करण्यापर्यंतच्या कामांसाठी फिनलंडमधील माणसे पिढ्यान्‌पिढ्या तो कमरेला लावत आली आहेत. त्याचे पाते साधारणपणे 8 ते 10 सेंटिमीटर लांब असते आणि मूठही जवळपास तेवढीच. पाते आणि मूठ यांच्यामध्ये बोटे अडवणारी आडवी पट्टी नसते, कारण लाकूड तासताना हात मुठीवरून पात्याच्या पाठीपर्यंत सहज सरकला पाहिजे. आपण पाहणार आहोत तो पूक्को भूर्जाच्या सालीच्या मुठीचा आहे. त्याची मूठ आणि म्यान यांत जे जे देखणे दिसते, ते बहुतेक सारे कामाच्या गरजेतून आलेले आहे.

सुरुवात पात्यापासून होते. कार्बनयुक्त पोलादाची पट्टी भट्टीत केशरी होईपर्यंत तापवून ऐरणीवर घेतली जाते, आणि पाते घडवतानाच मुठीत जाणारी निमुळती शेपटीही ठोकून लांबवली जाते. अनेक पारंपरिक पात्यांचा आडवा छेद शंकरपाळ्यासारखा असतो, म्हणजे पाते मध्ये जाड आणि पाठीकडे पुन्हा बारीक होत जाते, त्यामुळे खोल काप घेताना ते लाकडात अडकून बसत नाही.

पात्याचा खरा कस लागतो तो पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करून कठीण करताना. पोलाद सुमारे 770 अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की लोहचुंबक त्याला ओढेनासा होतो, आणि छोट्या भट्टीवर काम करणाऱ्या लोहाराला ही खूण उपयोगी पडते. त्याहून थोडे अधिक तापवून पाते तेलात बुडवले की ते कठीण होते, पण त्याच वेळी इतके ठिसूळ होते की फरशीवर पडल्यास त्याचे तुकडे होऊ शकतात. म्हणून ते पुन्हा सुमारे 200 अंशांवर तासभर किंवा अधिक वेळ तापवले जाते. घासून उजळलेल्या पोलादावर फिकट गवती पिवळा रंग चढला, म्हणजे धार टिकेल इतका कठीणपणा आणि तुटणार नाही इतका चिवटपणा यांचा मेळ बसला. रंग निळ्यावर गेला, तर तासकामाच्या चाकूसाठी पाते फार मऊ झाले असे समजावे.

आता मूठ. आपल्या जुन्या पोथ्या हिमालयातील ज्या भूर्जाच्या सालीवर लिहिल्या गेल्या, त्याच कुळातील झाडे फिनलंडच्या अरण्यांत सर्वत्र आढळतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढलेला असतो, तेव्हा बाहेरची साल अलगद सुटते, आणि आतल्या सालीला इजा न होऊ दिल्यास झाड जगते. ही साल स्वच्छ करून तिचे लहान चौकोनी तुकडे कापतात, प्रत्येकाला मधोमध भोक पाडतात आणि पितळेच्या एका चकतीनंतर ते पात्याच्या शेपटीवर एकामागून एक ओवतात. साल जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड असते, शिवाय ती दाबली जाते, त्यामुळे एका मुठीला पन्नासाहून अधिक तुकडे सहज लागतात. ते घट्ट आवळून शेवटी पितळेची दुसरी चकती बसवली जाते आणि शेपटीचे टोक तिच्यावर ठोकून पसरवले जाते. मग कानशीने आणि पॉलिश पेपरने या खडबडीत चौकोनी ठोकळ्यातून मूठ आकाराला येते.

घासता घासता तपकिरी आणि पिवळसर रेषांचे बारीक थर उमटू लागतात. मला या कामातील सर्वांत सुंदर टप्पा हाच वाटतो, कारण ही नक्षी कोणी वरून काढलेली नसते, ती सालीच्या थरांतूनच येते. या सालीत पाणी सहसा मुरत नाही, ओल्या हातातही मूठ निसटत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत ती धातूसारखी हाताला चटका देत नाही. कोळ्यासाठी याहून योग्य मूठ शोधणे कठीण आहे.

काही कारागीर सालीच्या जोडीला रेनडिअरच्या शिंगाचे तुकडे घालतात. रेनडिअरची शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि नवी उगवतात, त्यामुळे त्यांच्यासाठी जनावर मारावे लागत नाही. गाठाळ भूर्जाचे लाकूडही फार मानाचे आहे. त्याच्या फिकट गाभ्यात गडद तपकिरी ठिपके आणि वळणे असतात, आणि दोन मुठी कधीच एकसारख्या दिसत नाहीत. निव्वळ शोभेची परंपराही आहेच. पश्चिमेकडील कौहावा या गावी इसाक्की यार्वेनपॅ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुठीच्या टोकाला घोड्याचे डोके असलेला पूक्को प्रसिद्ध केला, आणि तसे चाकू आजही सन्मानाची भेट म्हणून दिले जातात. ते देखणे असतात यात शंका नाही, तरी रोजच्या तासकामासाठी मी साधी सालीची मूठच निवडेन.

म्यानासाठी झाडाच्या सालीने कमावलेले कातडे लागते. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, तर उत्तर युरोपात या कामी विलो आणि स्प्रूस यांच्या साली वापरल्या जात. असे कातडे भिजवले की हवे तसे ताणता येते आणि वाळल्यावर तोच आकार धरून राहते. पात्याच्या भागासाठी आत लाकडाचे पोकळ अस्तर घालतात, नाहीतर धार कातडे कापून बाहेर येईल. प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेला चाकू त्यात ठेवून ओले कातडे भोवती ओढून घेतले जाते आणि आरीने भोके पाडून मागच्या बाजूला मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले जाते. मुठीचाही मोठा भाग म्यानात जातो, आणि वाळलेले कातडे तिला इतके घट्ट धरते की बटण किंवा पट्ट्याची गरज उरत नाही.

मात्र चाकू महिनोन्‌महिने म्यानात ठेवू नये, कारण कातड्यातील ओलावा आणि कमावण्याची द्रव्ये कार्बन पोलादाला गंज चढवतात. ओले झालेले म्यान चुलीपाशी न वाळवता सावलीत वाळवावे, आणि पाते कोरडे पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवून ते वेगळे ठेवावे.