नाशिक पश्चिम : कामगारांचा मतदारसंघ आणि यादीबाहेरची माणसं

मित्रहो, सिडको, सातपूर आणि अंबड हा गाभा असलेला आपला मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतला. त्यामुळे त्याचा इतिहास चारच विधानसभांचा आहे, पण मला तो फार बोलका वाटतो.

२००९ मध्ये मनसेने राज्यात १३ जागा जिंकल्या, त्यातल्या तीन नाशिक शहरातल्या. आपल्याकडे नितीन भोसले आले. २०१२ ला महापालिकेतही १२२ पैकी ४० जागा घेऊन मनसेचा महापौर झाला. आणि २०१४ मध्ये शहरातल्या त्या तिन्ही जागा भाजपकडे गेल्या. इथे सीमा हिरे निवडून आल्या. लाट होती हे खरंच, पण तेवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका चिन्हाला बांधलेली घरं इथे कमीच. माणूस धुळे-जळगावकडून किंवा कसमाद्यातून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) कारखान्यासाठी आला, सिडकोचं छोटं घर घेतलं, हप्ते फेडले, वर मजला चढवला. त्याची निष्ठा आधी त्या घराला, नळाला, रस्त्याला. अपेक्षा पुरी झाली नाही की तो पुढच्या वेळी दुसरीकडे बघतो. तो त्याचा हक्कच आहे.

२०१९ ला युतीत जागा भाजपला सुटली, तेव्हा शिवसेनेच्या नगरसेवकांनी राजीनामे दिले आणि विलास शिंदे बंडखोर म्हणून उभे राहिले. सीमा हिरे विरुद्ध राष्ट्रवादीचे अपूर्व हिरे, असा सामना अटीतटीचा झाला आणि सीमा हिरे पुन्हा जिंकल्या. २०२४ ला सीमा हिरे तिसऱ्यांदा आल्या. त्यांच्यासमोर उद्धव ठाकरे गटाचे सुधाकर बडगुजर होते. जून २०२५ मध्ये तेच भाजपमध्ये गेले. ज्यांनी विरोधातलं मत म्हणून त्यांना मत दिलं, त्यांना याचा जाब विचारायला कुणीच उरत नाही, हे मला फार खुपतं.

आता ज्यासाठी आज उभा राहिलो त्या मुद्द्याकडे येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या गेटवर लाल बावट्याच्या सभांना कामगार जमतात, सीटू या डाव्या कामगार संघटनेचे डॉ. डी. एल. कराड इथून विधानसभा लढलेही, पण गेटवरची गर्दी मतपेटीत उतरली नाही. जातीपातीचं, पक्षाचं, पैशाचं गणित आहेच. पण एक साधी गोष्ट आपण बोलतच नाही: कंत्राटी कामगारांपैकी कितीतरी जणांचं नाव इथल्या यादीतच नाही. श्रमिकनगर, स्वारबाबानगरच्या भाड्याच्या खोलीत तीन-चार पोरं राहतात. पाणी इथलं पितात, खड्ड्यात इथेच पडतात, आणि मतदार मात्र गावचे. विधानसभेचं मतदान राज्यभर एकाच दिवशी. गावी जायचं तर पाळी बुडते, कंत्राटदार पगार कापतो. मग मत कुठेच पडत नाही. म्हणजे ज्यांचं काम इथल्या आमदाराशी पडतं, त्यांची आमदाराला गरजच नाही.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. माणूस सामान्यतः जिथे राहतो, तिथलाच तो मतदार. घर मालकीचं असण्याची अट नाही. गावचं नाव इकडे आणायला नमुना ८ भरायचा, पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर नमुना ६. दोन्ही ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि 'गावचं नाव गेलं तर जमिनीचं काय' ही भीती पोरांच्या मनात असते. सातबाऱ्याचा आणि मतदार यादीचा काही संबंध नाही, हे त्यांना समोर बसून सांगावं लागेल. अडचण खोलीमालकाची येते; भाडेकरू असल्याचं लिहून द्यायला तो कचरतो. युनियनने, गणेश मंडळांनी आधी या मालकांशी बोलावं. सुट्टीच्या दिवशी खोल्यांवर जाऊन हे अर्ज भरून घ्यायला कोण येणार, त्यांनी आजच इथे नावं द्या.