एकच माणूस, हातभर आणि पुरुषभर

मंडळी, आज मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. पिन्यातेल्ली त्याचं आडनाव. इटलीतल्या आब्रुझ्झी भागातला शेतकरी. पॅरिसला फ्रेंच शिल्पकार ओग्युस्त रोदाँच्या स्टुडिओत तो मॉडेलचं काम मागायला आला, तेव्हा त्याने आयुष्यात कधी पोझ दिलेली नव्हती. कपडे काढून तो फिरत्या पाटावर चढला आणि दोन्ही पाय रोवून, कंपास उघडावा तसा उभा राहिला. पुढे रोदाँनीच सांगितलंय, की त्या क्षणी त्यांना चालणारा माणूस दिसला. सराईत मॉडेल असता तर एका पायावर भार टाकून ऐटीत उभा राहिला असता.

याच्या थोडं आधी काय घडलं होतं, ते सांगायला हवं. 1877 साली रोदाँनी ‘कांस्ययुग’ हा पुरुषभर उंचीचा पुतळा प्रदर्शनात ठेवला. तो इतका जिवंत वाटला, की हा हातांनी घडवलेलाच नाही, माणसाच्या अंगावरूनच साचा काढलाय, असा आरोप झाला. शिल्पकाराला याहून जिव्हारी लागणारं दुसरं काय असेल? मग पिन्यातेल्लीवरून बायबलमधल्या बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा पुतळा करताना त्यांनी तो मुद्दाम माणसापेक्षा मोठा केला. अंगावरून काढलेला साचा अंगापेक्षा मोठा कसा निघणार? म्हणजे इथे आकार हेच उत्तर होतं. मला हे फार आवडतं.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. योहानासाठी केलेल्या अभ्यासातलं एक धड स्टुडिओत पडून होतं. माती वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, कुठे ढलपे निघाले होते. वीसेक वर्षांनी रोदाँनी ते धड पायांच्या जोडीवर चढवलं. डोकं नाही, हात नाहीत. भेगा बुजवल्या नाहीत, सांधाही लपवला नाही. हाच ‘चालता माणूस’. उंची साधारण 84 सेंटिमीटर. 1900 सालच्या त्यांच्या स्वतंत्र प्रदर्शनात तो उंच खांबावर उभा होता.

मग तो आंरी लबोसेंकडे गेला. लबोसे हे आकार वाढवणारे कारागीर, रोदाँचा त्यांच्यावर फार भरवसा. त्यांचं यंत्र पँटोग्राफच्या तत्त्वावर चालायचं: एक टोक मूळ प्लॅस्टरवरून फिरतं, दुसरं टोक त्याच चालीने मोठ्या प्रमाणात कापत जातं. 1907 साली मोठा ‘चालता माणूस’ लोकांसमोर आला, सुमारे 213 सेंटिमीटरचा.

आता हिशेब करा. उंची अडीचपट, पण पृष्ठभाग सहापटीहून जास्त आणि घनफळ सोळापट! शिवाय यंत्राला स्नायू आणि अपघात यातला फरक कळत नाही. लहान पुतळ्यावरचा अंगठ्याचा दाब मोठ्यावर तळहाताएवढा खळगा होतो. नखाएवढी भेग बोटभर होते. लहान पुतळ्यात आपण ‘माणूस चालतोय’ एवढंच बघतो. मोठ्याजवळ उभं राहिलं की ती छाती नांगरलेल्या शेतासारखी दिसते. म्हणूनच रोदाँ लबोसेंचं काम परत परत तपासत, दुरुस्त्या सांगत. माप बरोबर असलं तरी मूर्ती बरोबर असेलच असं नाही.

हे मी स्वतः भोगलंय. दीड फुटाचं एक शाडूचं मॉडेल मी प्रामाणिकपणे मोजून मोजून नऊ फूट केलं. प्रत्येक माप जुळलं आणि चेहरा भलत्याच माणसाचा झाला. खालून बघताना पापण्यांनी डोळे गिळले होते. कपाळ मागे पळत होतं. तीन आठवडे शिडीवर चढउतार करून मी ते डोकं नव्याने घडवलं.

आणि माध्यम? संगमरवरात हा माणूस असा चालू शकला नसता. दोन घोट्यांवर एवढा भार दगड पेलत नाही. ग्रीक कांस्यमूर्तींच्या रोमन संगमरवरी नकलांमध्ये पायाला चिकटून झाडाचा बुंधा असतो, तो यासाठीच. कांस्य आतून पोकळ असतं आणि चिवटही, त्याला टेकू लागत नाही. प्लॅस्टरवर सावल्या मऊ पडतात. तेच धड कांस्यात ओतलं की प्रत्येक उंचवट्यावर चमक येते आणि भेगा काळ्याभोर होतात. तुम्ही फोटोवरून अभ्यास करता, तेव्हा समोरचा फोटो प्लॅस्टरचा की कांस्याचा, लहानाचा की मोठ्याचा, हे आधी बघा. नाहीतर अंगठ्याच्या खुणेला तुम्ही स्नायू समजाल.

मागच्या टेबलावर मी शाडूचे दोन पाय ठेवलेत, एक वीतभर, एक हातभर. माप अगदी चोख वाढवलंय. मोठ्याचा घोटा मला अजून खटकतोय. हात ओले करून या, आणि तुम्हाला कुठे माती काढावीशी वाटते ते मला दाखवा.