पिल्लू आवडलं, पण ब्रीडरचं काय?

[दृश्य: टेबलावर डिजिटल वजनकाटा, त्यावर उथळ वाडगं. वाडग्यात डोळे न उघडलेलं मांजरीचं पिल्लू, गळ्यात ओळखीसाठी रंगीत पट्टी.]

पिल्लू वळवळतंय, त्यामुळे आकडा काही केल्या ठरत नाही. १०८, ११२, १०९. ब्रीडर वाडग्यावर हात धरते. अंधार झाल्यावर पिल्लू क्षणभर गप्प होतं आणि वहीत नोंद होते: पिवळी पट्टी, ११० ग्रॅम. कालच्या रकान्यात ९८ आहे. आता निळी पट्टी.

मांजरीचं नवजात पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि दिवसाला १० ते १५ ग्रॅमनं वाढायला हवं. ते आजारी आहे हे डोळ्यांना दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. वजन आधी बोलतं, म्हणून ही वही.

जातिवंत पिल्लू घ्यायला निघालेले लोक फोटो मागतात, रंग विचारतात, किंमत विचारतात. वही मागणारा विरळाच.

[दृश्य: पेडिग्रीचा, म्हणजे वंशावळीचा कागद. कॅमेरा नावांच्या रांगांवरून फिरतो.]

वहीऐवजी पुढे येतो हा कागद. मांजरांच्या वंशावळी लिहून ठेवायची हौस जुनी आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली हॅरिसन वेअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्यानंतर या छंदाला शिस्त येत गेली. पुढे मांजरांची नोंदणी करणाऱ्या संस्था आल्या: अमेरिकेतली सीएफए १९०६ची, ब्रिटनची जीसीसीएफ १९१०ची, युरोपातली फीफे १९४९ची, टिका १९७९ची. या संस्था पिल्लाचे आईवडील, जन्मतारीख, रंग आणि ब्रीडर यांची नोंद ठेवतात.

पिल्लू कोणाचं, हे त्या कागदावरून कळतं. ते कसं वाढलं, हे कळत नाही. तरीही कागद नीट वाचावा. आईकडच्या आणि वडिलांकडच्या बाजूला एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर जवळच्या नात्यात जोड्या लावल्या आहेत. का लावल्या, हे बेधडक विचारा. आणि ‘कागदांसह एक भाव, कागदांशिवाय दुसरा’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा. नोंदणीचा खर्च पिल्लाच्या किमतीपुढे किरकोळ असतो. कागद टाळण्यामागचं कारण वेगळं असतं.

[दृश्य: दवाखाना. मेन कून जातीची मांजर आडवी पडली आहे, छातीवर इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा प्रोब.]

आता मुख्य प्रश्न. ब्रीडरला एवढंच विचारा: ‘या जातीत काय बिघडतं, आणि तुमच्याकडे आजवर काय बिघडलं?’

उत्तर ऐकताना शब्दांइतकंच चेहऱ्याकडेही लक्ष द्या. मेन कूनचा ब्रीडर असेल, तर त्यानं हृदयाच्या आजाराचं नाव आपण होऊन काढायला हवं. त्याला एचसीएम म्हणतात. यात हृदयाचा स्नायू जाड होत जातो. मेन कूनमधला याचा एक जनुकीय दोष २००५ साली सापडला, रॅगडॉलमधला २००७ साली. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजार चालत येतो. त्याचा दोष २००४ साली सापडला आणि तोही डीएनए चाचणीत कळतो.

इथे एक मेख आहे. ‘डीएनए निगेटिव्ह’ हा कागद दाखवून काही जण विषय मिटवतात. पण ती चाचणी फक्त तो एक ठाऊक दोष शोधते. एचसीएम तो दोष नसतानाही होतो, आणि बऱ्याचदा वय वाढल्यावरच दिसतो. म्हणून जबाबदार ब्रीडर पैदाशीच्या मांजरांचा इको ठरावीक काळानं पुन्हा करतो. अहवाल मागा. त्यावरची तारीख पाहा. तीन वर्षांपूर्वीचा एकच इको असेल, तर मधल्या काळाबद्दल तो काहीच सांगत नाही.

रक्तगटाचंही विचारा. हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि मला तो सगळ्यात आवडतो. मांजरांमध्ये मुख्यतः ए आणि बी असे दोन गट. बी गटाच्या मांजरीच्या रक्तात ए गटाविरुद्ध जबर प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) आपोआपच तयार होतात. अशा मांजरीचा ए गटाच्या बोक्याशी संयोग झाला, तर पिल्लं ए गटाची निघू शकतात. ती धडधाकट जन्मतात, आईला लुचतात, आणि ज्या चिकानं त्यांना बळ मिळायचं, त्याच चिकातली प्रतिपिंडं त्यांच्या तांबड्या पेशी फोडतात. काही पिल्लं एक-दोन दिवसांत जातात. ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हॉन रेक्समध्ये बी गट बराच आढळतो, सयामीमध्ये जवळपास नसतोच. जोडी लावण्याआधी गट तपासले, तर हे सगळं टळतं. गट जुळत नसूनही जोडी लावायचीच असेल, तर पहिला दिवसभर पिल्लांना आईपासून दूर ठेवून वरचं दूध पाजावं लागतं. ब्रिटिश शॉर्टहेअरच्या ब्रीडरला हे माहीत नसेल, तर मी त्याच्याकडून पिल्लू घेणार नाही.

‘आमच्याकडे कधीच काही झालं नाही’ असं सांगणारा एकतर नवखा असतो, नाहीतर लपवत असतो. याउलट एखादी म्हणते, ‘या मांजरीच्या पहिल्या वेतातलं एक पिल्लू गेलं, दुसऱ्याच्या टाळूला फट होती. म्हणून तो बोका मी पुन्हा वापरला नाही.’ हिचा फोन नंबर जपून ठेवा.

स्कॉटिश फोल्डच्या बाबतीत मात्र चांगला ब्रीडर शोधण्यात अर्थ नाही, हे माझं स्पष्ट मत. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर दुमडलेल्या कानांची मांजरी आढळली, तिच्यापासून ही जात आली. कान दुमडवणारा दोष अंगभरच्या कूर्चेत (मऊ हाडांत) असतो, त्यामुळे सांधे दुखतात, शेपटी ताठरते. एकाच बाजूनं आलेला दोषही पुरेसा होतो. जीसीसीएफ आणि फीफे या जातीला मान्यता देत नाहीत.

[दृश्य: घरातली खोली. आई खिडकीशी, पिल्लं एका दोरीवर तुटून पडलेली.]

प्रत्यक्ष भेटीत आईला पाहिल्याशिवाय निघू नका. वडील तिथे नसतील, तर संशय घेऊ नका. अनेक ब्रीडर बाहेरचा बोका वापरतात. आई मात्र हवीच, आणि ती पिल्लांजवळ निवांत असायला हवी. नाकाला अमोनियाचा दर्प येतोय का? दार उघडताच पिल्लं पुढे येतात की सोफ्याखाली पळतात? दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांचे हात, मिक्सरचा आवाज, पाहुण्यांची ये-जा यांची सवय झाली, तर मांजर पुढे बुजरं होत नाही. बंद खोलीतल्या पिंजऱ्यात ही सवय लागत नाही.

पायातले बूट काढा, हात धुवा असं सांगितलं तर राग मानू नका. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू फरशीवर, कपड्यांवर महिनोन्महिने टिकतो. म्हणूनच एका दिवशी दोन कॅटऱ्या, म्हणजे ब्रीडरांच्या जागा, पाहू नयेत. काही ब्रीडर लसीकरण होईपर्यंत कोणाला आत घेतच नाहीत. तेव्हा व्हिडिओ कॉल करा, पण आधी टिपून ठेवलेली क्लिप चालणार नाही. ‘आईला कॅमेऱ्यासमोर आणा, आता पिवळ्या पट्टीचं पिल्लू उचला’ असं समोरच सांगा. फोटोवर भुलून आगाऊ रक्कम पाठवणाऱ्यांना नंतर पिल्लू नाही आणि पैसेही नाहीत, अशी वेळ येते.

सहा-सात आठवड्यांत ‘घेऊन जा’ म्हणणाऱ्यालाही नकार द्या. हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त दिसला. चांगले ब्रीडर १२-१३ आठवड्यांआधी पिल्लू देत नाहीत. त्यामुळे थांबावं लागतं. एकाच ठिकाणी पाच-सहा जातींची पिल्लं बाराही महिने तयार मिळत असतील, तर तिथे वजनाची वही कोण लिहीत असेल?

आणि हो, प्रश्न तुम्हालाही विचारले जातील. घरात दिवसभर कोण असतं, खिडक्यांना जाळी आहे का, आधीचं मांजर कशानं गेलं. नोकरीची मुलाखत वाटेल. उत्तरं खरी द्या.

[दृश्य: करारावर सही. पिल्लाच्या खांद्यांमधून स्कॅनर फिरतो.]

करारात दोन गोष्टी लिहून घ्या. पिल्लाची नसबंदी कधी करायची, आणि पुढे कधीही त्याला सांभाळणं जमलं नाही, तर ब्रीडर ते परत घेईल की नाही. दुसरं कलम बरेच जण स्वतःहूनच घालतात. त्यावरून कुरकुर झाली, तर कारण विचारा. मग लसीकरणाचं कार्ड, सध्या चालू असलेलं खाणं थोडं बरोबर, आणि कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपचा १५ अंकी नंबर. स्कॅनर तुमच्यासमोर लावायला सांगा आणि एकेक अंक कागदाशी ताडून पाहा.