नाताळ ओपनचा पापवा

नमस्कार श्रोतेहो. नाताळ म्हटलं की आपल्याला केक आठवतो. आज मात्र बोलायचंय दक्षिण आफ्रिकेतल्या तेव्हाच्या नाताळ प्रांताबद्दल, आताच्या क्वाझुलू-नाताळबद्दल. शब्द तोच, पोर्तुगीजांचा. १४९७ च्या नाताळात वास्को द गामा त्या किनाऱ्यावरून गेला, म्हणून हे नाव. या प्रांताची जुनी गोल्फ स्पर्धा म्हणजे नाताळ ओपन. तेव्हा ती गोऱ्यांनी खेळायची आणि गोऱ्यांनीच बघायची.

त्यात उतरला पापवा. सेवसंकर ‘पापवा’ सेवगोलम, डर्बनचा, भारतीय वंशाचा. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा कॅडी. लिहिता-वाचता येत नव्हतं, गोल्फही कुणी शिकवला नव्हता. त्यामुळे काठी धरायची ती उलटी. आता नीट ऐका. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर असतो, उजवा खाली. पापवाचा डावा खाली, उजवा वर! खराटा उलट्या हातांनी धरून अंगण झाडावं, तसं. आणि असा खेळून पठ्ठ्याने १९५९ मध्ये थेट युरोपात, हॉलंडमधली डच ओपन स्पर्धा मारली!

मग १९६३. डर्बन कंट्री क्लब, नाताळ ओपन. पापवा जिंकला. सगळ्या गोऱ्यांना मागे टाकून जिंकला. बक्षिसाची वेळ झाली आणि पाऊस आला. क्लबहाऊसमध्ये गोरे खेळाडू कोरडे, छपराखाली. पापवाला मात्र आत पाय टाकायची मुभा नाही. वर्णभेद होता ना. जिंकलेला माणूस बाहेर, हरलेले आत! ट्रॉफी त्याच्या हातात दिली ती बाहेरच, भर पावसात. तो फोटो जगभर गेला आणि दक्षिण आफ्रिकेची छी-थू झाली.

तसं क्लब नावाच्या जागेशी माझंही फारसं जमत नाही. एका जिमखान्याने मला चपला घातल्या म्हणून फाटकावरूनच परत पाठवलं होतं. चांगल्या कोल्हापुरी होत्या हो, नव्याकोऱ्या, करकर वाजणाऱ्या! असो.

१९६५ साली पापवाने पुन्हा नाताळ ओपन जिंकली, आणि हरवलं कुणाला? जगातल्या अव्वल गोल्फपटूंपैकी एक असलेल्या, दक्षिण आफ्रिकेच्याच गॅरी प्लेअरला! पुढे त्याला स्पर्धांची दारंच बंद केली. १९७८ मध्ये तो गेला. डर्बनमधल्या एका गोल्फ मैदानाला आता त्याचं नाव आहे.

उद्या अंगण झाडाल तेव्हा हात उलटे करून बघा. डावा खाली, उजवा वर. केर कुठे जातो ते मला पत्राने कळवा. नमस्कार.